‘सर्व्हर डाऊन’चे निदान

जून २०२१ च्या अखेरीस ठाण्यातील एका मध्यमवयीन गृहस्थांना महापालिकेच्या आरोग्य विभागातून फोन आला. मृत्यू प्रमाणपत्र तयार आहे, घेऊन जा, असा निरोप होता. प्रमाणपत्र कोणाचे, म्हणून विचारले तर फोनवर बोलणाऱ्या त्या गृहस्थांचेच! ऑगस्ट २०२० मध्ये त्यांना कोविड झाला होता, ते पूर्ण बरे झाले होते. पालिकेने खुलासा केला की मृतांची यादी पालिकेने तयार केलेली नाही, ती पुण्याहून आली आहे. ही तांत्रिक चूक आहे, दुरुस्ती केली जाईल. बातमी चौकटीत छापून आली, लोक हसले आणि विषय मिटला.

‘तांत्रिक चूक’ हा शब्दप्रयोग वैद्यकातल्या ‘व्हायरल’सारखा आहे. ताप कशाचा ते कळले नाही की ‘व्हायरल आहे’ म्हणून सांगता येते. रोगी बहुतेक वेळा बरा होतो, म्हणून कोणी पुढे विचारत नाही. पण हाच ताप वॉर्डातल्या दहा जणांना आला, तर कारण शोधावेच लागते. आता रुग्णालयांतले केसपेपर, रक्ताचे अहवाल, औषधांचा साठा, जन्ममृत्यूच्या नोंदी हे सगळे डेटाबेसमध्ये जाते आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्त कायद्यानुसार जन्ममृत्यूची नोंद राष्ट्रीय पातळीवर एकत्र ठेवली जाते आणि त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून वाहन परवान्यापर्यंत जन्माचा दाखला लागतो. अशा वेळी एका तक्त्यातली चुकीची ओळ एखाद्याला जिवंतपणी मृत ठरवू शकते किंवा एकाच्या रक्ताचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर चढवू शकते. म्हणून ‘सर्व्हर डाऊन’ किंवा ‘सिस्टीममध्ये असंच दिसतंय’ या वाक्यांमागे नेमके काय बिघडलेले असते, हे रुग्णांनी आणि डॉक्टरांनीही समजून घ्यायला हवे. ते फक्त कॉम्प्युटरवाल्यांचे काम उरलेले नाही.

आज वापरात असलेल्या बहुतेक डेटाबेसची मूळ कल्पना आयबीएम कंपनीतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. कल्पना साधी आहे. माहिती तक्त्यांमध्ये ठेवायची. रुग्णांचा एक तक्ता, तपासण्यांचा दुसरा, औषधांचा तिसरा. रुग्णाचे नाव-गाव प्रत्येक ठिकाणी पुन्हा लिहायचे नाही. त्याला एक क्रमांक द्यायचा आणि बाकी तक्त्यांत तो क्रमांक ठेवायचा. या क्रमांकाला प्रायमरी की म्हणतात. दोन तक्ते जोडायचे असले की या क्रमांकावरून जोडायचे. पद्धत सुंदर आहे, पण तिचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे : एका माणसाला एकच क्रमांक, आणि एका क्रमांकामागे एकच माणूस.

ठाणे-कल्याणच्या सरकारी ओपीडीत ही एक गोष्ट सांभाळणे किती अवघड आहे, ते खिडकीवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पाटील, भोईर, म्हात्रे ही आडनावे दर दहा माणसांमागे येतात. ‘भोईर’ इंग्रजीत लिहिताना मध्ये कोणते अक्षर येते यावर दोन ऑपरेटरांचे एकमत नसते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मराठी ऑपरेटर ‘डी’पासून लिहितो, उत्तर भारतीय ऑपरेटर ‘जी’पासून. घरात मोबाइल एकच, तो मुलाकडे. आईचा केसपेपर त्या नंबरवर, वडिलांचाही त्याच नंबरवर. गेल्या वेळचा केसपेपर आणलेला नसतो, मागे रांग असते, ऑपरेटर शोधत बसत नाही आणि नवीन नोंद करून मोकळा होतो. वर्षभरात एका मधुमेही बाईंचे तीन क्रमांक तयार होतात. क्रिएटिनिनचा अहवाल एका क्रमांकावर, पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची नोंद दुसऱ्यावर, आणि डॉक्टरांच्या पडद्यावर तिसरा, कोरा.

अशा वेळी वरून फर्मान निघते की आधार किंवा मोबाइल क्रमांक भरल्याशिवाय नोंद पुढे जाणार नाही असे करा. दिसायला उपाय चोख आहे. पण ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडले, त्यांतल्या जखमींना कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणले गेले. रेल्वे अपघातातला बेशुद्ध माणूस आपला आधार क्रमांक सांगणार कसा? रकाना सक्तीचा असला की ऑपरेटर दहा वेळा ९ दाबतो, किंवा स्वतःचा नंबर टाकतो, आणि मग त्या नंबरवर शंभर अनोळखी रुग्ण जमतात. नियम सैल असला तर माहिती अपुरी राहते, फार कडक केला तर ती खोटी होते. आणि खोटी माहिती अपुऱ्या माहितीपेक्षा वाईट, कारण ती भरलेली दिसते. चांगल्या व्यवस्थेत ‘अनोळखी’ म्हणून तात्पुरता क्रमांक देण्याची आणि ओळख पटल्यावर दोन नोंदी एकत्र करण्याची सोय असते. हे एकत्रीकरण कोणी केले, कधी केले याची नोंद राहते आणि चुकले तर ते उलटवता येते. दोन वेगळ्या माणसांच्या नोंदी एकत्र झाल्या तर रक्तगटाची चूकही होऊ शकते, म्हणून हे काम ज्युनिअर ऑपरेटरवर सोडू नये.

ओळखीची गफलत कुठवर जाते हे ठाण्याने जुलै २०२० मध्ये पाहिले. बाळकुमच्या ग्लोबल हब कोविड रुग्णालयात एका रुग्णाचा मृतदेह दुसऱ्याच कुटुंबाच्या ताब्यात दिला गेला. त्या कुटुंबाने अंत्यसंस्कार केले आणि नंतर कळले की त्यांचा माणूस जिवंत असून रुग्णालयातच उपचार घेतो आहे. ज्यांचा माणूस गेला होता, ते मात्र तो बेपत्ता आहे म्हणून शोधत फिरत होते. घाईत उभारलेले रुग्णालय, पीपीई किटमधले कर्मचारी, नातेवाइकांना आत प्रवेश नाही. सर्व्हर उत्तम चालू असता तरी हे घडले असते. डेटाबेसमधला क्रमांक आणि रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा यांची गाठ तुटली, तर पडद्यावरची माहिती कितीही नीटनेटकी असो, ती दुसऱ्याच कोणाची तरी असते.

माणूस आणि क्रमांक यांच्यातली ही चूक झाली. दुसरी चूक तक्ते जोडताना होते आणि ती अधिक फसवी असते, कारण पडद्यावर कोणताही लाल संदेश येत नाही. उत्तर येते, फक्त ते चुकीचे असते.

१६ जून २०२० रोजी महाराष्ट्राच्या कोविड मृत्यूंच्या आकड्यात एका दिवशी १,३२८ जुन्या मृत्यूंची भर पडली. त्यांतले ८६२ मुंबईचे होते. तेव्हा लपवाछपवीचे आरोप झाले. राजकारण बाजूला ठेवले तरी या प्रकारामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. चाचण्यांची माहिती प्रयोगशाळा आयसीएमआरच्या पोर्टलवर भरत होत्या, रुग्णालये आपले मृत्यू वेगळीकडे कळवत होती, महापालिका आपली यादी ठेवत होती. या याद्या जोडताना दोन्हीकडे सापडतात तेवढ्याच ओळी घ्या, असे सांगितले तर ज्याचा मृत्यू नोंदला गेला पण चाचणीची ओळ वेगळ्या स्पेलिंगने आहे, तो माणूस यादीतून गळतो. कोणी त्याला काढलेले नसते. तो फक्त जुळत नाही. डेटाबेसच्या भाषेत याला इनर जॉइन म्हणतात. जुळो न जुळो, पहिल्या यादीतले सगळे ठेवा, असे सांगणारा लेफ्ट जॉइन वापरला तर न जुळलेली नावे रिकाम्या रकान्यासह समोर येतात आणि कोणाचा तपास करायचा हे कळते. उलट प्रकारही घडतो. एका रुग्णाचा स्वॅब तीनदा घेतला असेल तर जोडणीनंतर त्याच्या तीन ओळी होतात आणि बेसावध मोजणीत तो तीन रुग्ण ठरतो. आणि नावावरून किंवा मोबाइलवरून जुळवाजुळव केली, तर एखाद्याचा मृत्यू दुसऱ्याच्याच ओळीला जाऊन चिकटू शकतो. ठाण्यातल्या त्या फोनसारख्या घटना घडण्याचे रस्ते हे असे असतात.

रिकाम्या रकान्याचे प्रकरण डॉक्टरांना चटकन पटावे. नाडीच्या रकान्यात ‘०’ लिहिणे आणि काहीच न लिहिणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात रुग्ण मृत आहे, दुसऱ्यात नाडी पाहिलेलीच नाही. डेटाबेसमध्ये या न पाहिलेल्या स्थितीला नल म्हणतात. मधुमेह असलेल्या गर्भवती किती, असे विचारले तर नल असलेल्या बायका मोजल्या जात नाहीत. मधुमेह नसलेल्या किती, असे विचारले तरीही त्या मोजल्या जात नाहीत. दोन्ही आकडे जोडून एकूण नोंदणीशी ताडून पाहिले तरच मधली तूट दिसते. मासिक अहवाल करणाऱ्या प्रत्येक आरोग्य केंद्राने एवढी एक बेरीज करण्याची सवय लावली तरी पुष्कळ काम होईल.

भरताना होणारी चूक वेगळी. मे २०२१ मध्ये लसीकरण केंद्रावर न गेलेल्या लोकांनाही ‘तुमचे लसीकरण झाले’ असे संदेश येऊ लागले, तेव्हा केंद्र सरकारने ८ मेपासून कोविन पोर्टलवर चार अंकी सुरक्षा कोड आणला. लस टोचणाऱ्याने भलत्याच नावापुढे खूण करू नये, म्हणून त्या माणसाकडचाच कोड विचारायचा. कर्मचाऱ्यांना ‘काळजीपूर्वक काम करा’ असे परिपत्रक काढण्यापेक्षा चूक करणेच अवघड करून ठेवणे केव्हाही बरे. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत १५,८४१ पॉझिटिव्ह अहवाल गणनेतून राहून गेले, कारण माहितीच्या वाटेवर एक जुन्या प्रकारची एक्सेल फाइल होती आणि तिच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. तिथे तर डेटाबेसही नीट नव्हता. आपल्याकडच्या किती आरोग्य विभागांचा कारभार अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एक्सेलवर चालतो, हे वाचकांनी विचारून पाहावे.

आता रोजचा अनुभव, म्हणजे रांग. सकाळी साडेनऊ-दहाला खिडकीवरचा पडदा थिजतो. ‘सर्व्हर डाऊन’ची पाटी लागते, कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतो, अर्धा तास बरे चालते, पुन्हा तेच. हा रीस्टार्ट म्हणजे निदानाआधी दिलेली पॅरासिटामॉलची गोळी. ताप उतरतो, पण कोणती क्वेरी अडकली होती, कोण कोणाची वाट पाहत होते, हा पुरावा त्याबरोबर पुसला जातो. शिवाय अर्धवट राहिलेले व्यवहार उलटवायला डेटाबेसला उठल्यावर वेळ लागतो, तो वेगळाच.

आधी इतिहास घ्यावा. सगळ्यांनाच संथ आहे की एकाच खिडकीला? सतत, की ठरावीक वेळी? कालपासून काय बदलले? एका खिडकीला असेल तर केबल किंवा नेटवर्क पाहावे, डेटाबेसला दोष देऊ नये. फक्त नावावरून शोधताना संथ असेल तर बहुधा इंडेक्स नाही. पुस्तकाच्या शेवटी सूची नसेल तर एका शब्दासाठी सगळी पाने उलटावी लागतात, तसा संगणक लाखो ओळी वाचतो. आणि सूची असली तरी ‘नावात कुठेही पाटील’ असे विचारले की नेहमीची सूची निरुपयोगी ठरते, कारण ती पहिल्या अक्षरापासून लावलेली असते. असा शोध खिडकीवर ठेवूच नये. क्रमांक किंवा मोबाइलवरून शोधायची सवय लावावी. क्वेरी कोणत्या वाटेने जाणार आहे हे डेटाबेस स्वतःच दाखवतो, त्याला एक्झिक्यूशन प्लॅन म्हणतात. तो न पाहता नवीन सर्व्हर विकत घेणे म्हणजे एक्स-रे न काढता प्लास्टर घालणे. सरकारी खरेदीत हे बरेचदा घडते, कारण सर्व्हरला निविदा काढता येते, इंडेक्सला नाही.

ठरावीक वेळी संथ होत असेल तर त्या वेळी आणखी काय चालते ते पाहावे. ऐन ओपीडीच्या वेळी कोणीतरी वर्षभराचा अहवाल काढत असते. त्याला बंदी नको, रात्रीची वेळ द्यावी किंवा वाचनासाठी वेगळी प्रत द्यावी. कधी एखाद्याने डिस्चार्जचे बिल अर्धवट उघडे ठेवून चहाला जावे आणि त्या ओळीवरचा लॉक तसाच राहावा, मागचे सगळे खोळंबतात. डेडलॉक तर डोंबिवलीच्या गल्लीत रोज दिसतो : समोरासमोर रिक्षा आणि टेम्पो, मागे हटायला कोणी तयार नाही. औषधसाठा धरून बसलेली खिडकी बिलाची वाट पाहते, बिल धरून बसलेली खिडकी साठ्याची. डेटाबेस हवालदाराचे काम करतो आणि एकाला मागे घेतो. त्या बिचाऱ्याच्या पडद्यावर एरर येते. सर्व कामांनी तक्ते एकाच क्रमाने हाताळले, आधी साठा मग बिल, तर ही वेळ सहसा येत नाही.

जोडण्या संपणे हाही नेहमीचा आजार. मायएसक्यूएलमध्ये मूळ मर्यादा १५१ जोडण्यांची असते, पोस्टग्रेसमध्ये १००. एखादा प्रोग्रॅम जोडणी उघडतो आणि बंद करायला विसरतो. खुर्च्या भरतात, बसलेला कोणी काम करत नाही, नवा माणूस दारात उभा. मर्यादा हजारावर नेली की मेमरी संपते. न सोडलेली जोडणी शोधणे हाच उपाय. आणि एक दिवस काहीच लिहिले जाईनासे होते, तेव्हा सर्वात आधी डिस्क भरली आहे का ते पाहावे. डेटाबेस प्रत्येक व्यवहाराची रोजनिशी ठेवतो. बॅकअप नियमित झाला नाही तर काही रचनांमध्ये ही रोजनिशी फुगत जाते. घाबरून ती फाइल पुसणाऱ्यांनी सगळा डेटाबेस गमावल्याची उदाहरणे या धंद्यात सर्वांना ठाऊक आहेत.

बॅकअपचा विषय निघाला की दिल्लीच्या ‘एम्स’चे नाव घ्यावेच लागते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथल्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद केली गेली. देशातल्या सर्वात मोठ्या रुग्णालयांपैकी एका रुग्णालयात नोंदणी, दाखला, बिल, अहवाल सगळे हाताने लिहावे लागले. माहिती परत मिळाली ती बाधित न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. अनेक संस्थांमध्ये ‘बॅकअप आहे’ म्हणतात तो खरे तर मुख्य डेटाबेसची सावली असते. इथे चुकून दहा हजार ओळी पुसल्या की तिथेही त्याच क्षणी पुसल्या जातात. खरा बॅकअप वेगळ्या जागी, नेटवर्कपासून तोडलेला असतो, आणि तो परत चढवून पाहिलेला असतो. डिफिब्रिलेटर भिंतीवर आहे एवढे पुरत नाही, चार्ज होतो का ते दर पाळीला बघतात.

महाराष्ट्राला याहून वेगळा धडा जुलै २०२२ मध्ये मिळाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतली एचएमआयएस प्रणाली बंद पडली, आणि कारण तांत्रिक नव्हतेच. शासन आणि चालवणारी कंपनी यांच्यातला वाद होता. रुग्णालये रातोरात कागदावर आली आणि जुन्या रुग्णांचा इतिहास डॉक्टरांना पाहता येईना. विषाणू नाही, बिघाड नाही, तरी माहिती गेली. करार संपताना माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, कोणाच्या हाती द्यायची हे कलम निविदेत नसेल, तर बाकीची सगळी तांत्रिक दक्षता व्यर्थ आहे.

कल्याण-डोंबिवली महापालिका या बाबतीत नवखी नाही. या शतकाच्या सुरुवातीला नागरी सुविधा केंद्रातून संगणकीकृत दाखले देण्याचा तिचा प्रयोग राज्याने नमुना म्हणून स्वीकारला होता. त्याच शहरात पुढे खोट्या बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेरात नोंदलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण गाजले. पालिकेकडे खरी नोंद होती, महारेराकडे खोटा कागद होता, आणि दोन्ही डेटाबेस एकमेकांना काही विचारत नव्हते. घर घेणाऱ्यांनी त्याची किंमत मोजली. रुक्मिणीबाई रुग्णालय, शास्त्रीनगर रुग्णालय आणि कळवा यांच्यामध्ये रुग्ण रोज पाठवले जातात. सोबत जाते ती बहुधा हाताने लिहिलेली चिठ्ठी. १४ अंकी ‘आभा’ क्रमांक या ठिकाणी उपयोगी पडू शकतो, पण तो ऐच्छिक आहे आणि तसाच राहावा. रुग्णालयाचा स्वतःचा क्रमांक नीट नसेल तर ‘आभा’ने फक्त गोंधळावर शिक्का बसेल.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्यात २४ तासांत १८ रुग्ण दगावले तेव्हा चौकशी समिती नेमली गेली. अशा कोणत्याही चौकशीत पहिले प्रश्न वेळेचे असतात : रुग्ण किती वाजता आला, किती वाजता पाहिला गेला, ऑक्सिजन कधी सुरू झाला. याचे उत्तर डेटाबेस देऊ शकतो, पण नोंद त्याच क्षणी झाली असेल तरच. वॉर्डातल्या दहा तासांच्या नोंदी सर्व्हर बंद असल्याने कागदावर लिहून संध्याकाळी एकदम भरल्या, तर सगळ्यांची वेळ सायंकाळी सहाची दिसते. म्हणून तक्त्यात दोन रकाने हवेत, घटना घडल्याची वेळ आणि नोंद केल्याची वेळ. आणि खिडकीच्या खणात छापील फॉर्मचा गठ्ठा हवा, ज्यावर पुढच्या दोनशे रुग्णांचे क्रमांक आधीच छापलेले असतील. वीज गेली, सर्व्हर थिजला, तरी त्या दिवशीच्या पहिल्या रुग्णाला त्याचाच क्रमांक मिळतो आणि संध्याकाळी तो तसाच संगणकात चढतो.